डावीकडे ओढणारी पिकअप

आमची पिकअप डावीकडे ओढायची. शेतातून येवो की बाजारातून, परतताना आमचं घर डाव्या हाताला लागतं, म्हणून माझे वडील, आबा, म्हणायचे, "तिले घराची ओढ हाये." खरं कारण वेगळं होतं. फार वर्षांपूर्वी पाटाच्या मोरीवर पुढचं चाक आदळलं, तेव्हापासूनची ही ओढ. डावा टायर एका कडेनं झिजला की आबा तो उजवीकडे घालत, उजवा डावीकडे, आणि गाडी दुरुस्त केल्याच्या समाधानात आंघोळीला जात. लग्नाआधी मी गाडी शिकले तीही हिच्यावरच. जळगावात माझी स्कूटर आहे, तेवढ्यावर भागतं.

यंदा दिवाळीला माहेरी गेले, तर सावद्याला जाता-येता आबांनी पिकअप दोनदा कडेच्या मुरमात उतरवली. घरी येऊन मी तोंड सोडलं, आणि माझं तोंड सुटलं की आवरत नाही. आबांनी सत्तरी ओलांडलेली. पुण्याच्या भावाचं वर्षभर एकच पालुपद, त्यांची चावी काढून घ्या. पण केळीचे घड भरून रस्त्यापर्यंत आणणं, येताना चार माणसांना मागे बसवून गावात सोडणं, यातच आबांचा दिवस जातो. चावी गेली तर हा माणूस ओट्यावर बसून करणार काय?

शेवटी तोडगा निघाला. चाकांचं अलाइनमेंट करून घ्यायचं. त्यानंतरही गाडी भरकटली तर दोष आबांचा, आणि चावी माझ्याकडे. आबा "बरं" म्हणाले. त्या दिवशी जेवताना त्यांनी दुसरी भाकरी घेतली नाही.

भुसावळचा गॅरेजवाला मूळ शिरपूरकडचा. त्यानं चाकांना मापं लावली, खड्ड्यात उतरून नट फिरवले, वर येऊन पडद्यावर पाहिलं, पुन्हा उतरला. मग मला शेजारी बसवून रिकाम्या रस्त्यावर गाडी नेली आणि दोन्ही हात सोडून दाखवले. गाडी नाकासमोर चालत राहिली. "आते गाडी सरळ शे, ताई. बठ्ठं बराबर." सगळं ठीक आहे म्हटल्यावर मला हायसं वाटलं.

मग गॅरेजपाशी थांबलेले आबा स्टिअरिंगवर बसले. सावद्याच्या रस्त्याला लागलो, आणि गाडी उजवीकडे सरकायला लागली. समोरून केळीचा ट्रक येत होता.

"आबा!" मी किंचाळले.

त्यांनी गाडी आवरली, पुढे एका निंबाखाली उभी केली. इंजिन बंद केलं, चावी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "आता गाडीचा दोष नाही. माह्याच हातात काही राह्यलं नाही."

एरवी मी दहा वाक्यं ऐकवली असती. त्या वेळी चावी नुसती मुठीत धरली. माझंच म्हणणं खरं ठरलं होतं आणि मला रडू येत होतं.

जागा बदलून मी स्टिअरिंगवर बसले. आपल्याच गाडीत डावीकडे बसायची आबांना सवय नाही. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. गाडी निघाली, मी तिसरा गिअर टाकला, आणि आम्ही उजवीकडे सरकायला लागलो. सरळ केली. पुन्हा उजवीकडे. रस्ता मोकळा होता म्हणून बरं.

"स्टिअरिंग कसं धरलं, पाह्य," आबा म्हणाले.

पाहिलं. माझे दोन्ही हात स्टिअरिंग किंचित उजवीकडे दाबून होते, मला न विचारता. पाटाच्या कडेच्या रस्त्यावर आबांनीच तसं शिकवलं होतं, "उजवीकडं दाबून धर, मंग सरळ जाते." गाडीची ओढ गेली होती. आमचा दाब तेवढा राहिला होता.

"हात ढिले सोड."

सोडले. गाडी सरळ चालायला लागली. आबांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मग एकदम हसत सुटले, डोळे पुसेपर्यंत हसले.

"मंग आता तुह्या हातातली चावी कोन घेईन?"

मी गाडी कडेला घेतली, बंद केली आणि चावी त्यांच्या हातावर ठेवली. आबा अगदी सावकाश, बोटं सैल ठेवून चालवत राहिले. मी मुद्दाम खिडकीबाहेर केळीच्या बागा पाहत बसले. घर आलं तेव्हा पिकअप आपणहून डावीकडे कलली नाही. आबांनी वळवली.