गोदाबाईचा अर्धा तास

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय—पण ऐकून झाल्यावर "जाऊ द्या हो, काळच तसा होता" असं म्हणणार असाल, तर आत्ताच उठा. ते मला चालणार नाही.

निजाम जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. लोहाऱ्याच्या बाजूला आमच्या गावात कापसाचं जिनिंग होतं आणि मी तिथं भोंगा वाजवायचो. किरकोळ काम वाटतं ना? पण गावात घड्याळं दोनच—एक मालकाच्या मनगटावर, एक ऑफिसच्या भिंतीवर. भिंतीवरच्याची किल्ली माझ्या कमरेला. भोंगा वाजला की यंत्रावर कापूस टाकणाऱ्या साठ-सत्तर बाया अंग झटकून उठायच्या. उर्दू चौथी शिकलेल्या माणसाला आणखी काय हवं? मी फुगलो होतो.

नवा कायदा आला, कामाचे तास ठरले, दारावर कागद चिकटला. मालक कुरकुरला. मग मी—कुणी सांगितलं नव्हतं बरं का—दुपारी बाया भाकरी खायला बसल्या की काटा अर्धा तास मागं सरकवू लागलो, म्हणजे सुटीचा भोंगा अर्धा तास उशिरा. सकाळी कुणी यायच्या आत पुन्हा जागेवर. मालकानं एकदा मनगटाकडं पाहिलं, मग भिंतीकडं, आणि नुसता हसला. मला मुकादम व्हायचं होतं, हे त्यानं ओळखलं.

बाया तक्रार कशाची करणार? भोंगा म्हणजे सुटी, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. आभाळाकडं बघणं त्यांनी सोडूनच दिलं होतं—एक गोदाबाई सोडून. अंगावर पिणारं लेकरू सासूपाशी ठेवून ती कोसभर चालत यायची. एका सकाळी ती सगळ्यांदेखत मालकापुढं उभी राहिली.

"मालक, संक्रांत व्हून महिना झाला. दिस वाढाया लागलाय. मग मी घरी पोचस्तोवर आदीपरीस जास्त अंधार कसा पडतोय? लेकरू रडून रडून निपचित पडतंय."

शाळेची पायरी न चढलेली बाई, आणि बोलणं कसं बिनचूक! मालकानं माझ्याकडं पाहिलं. "ही म्हणते ते खरं आहे," एवढंच मी म्हणायला हवं होतं. आणि मी काय म्हणालो?

"बाई, घड्याळ खोटं बोलत न्हाय. तुमालाच घरची लई घाई."

बाया खो-खो हसल्या. मालकानं तिला त्याच दिवशी कामावरून काढलं. पुढं ती सडकेवर खडी फोडायला गेली आणि गावानं तिचं नाव 'घड्याळवाली' पाडलं. ती रस्त्यानं चालली की लोक तिला वेळ विचारत. मीही एकदा विचारली. पुढच्या हंगामात मी मुकादम झालो.

लाज वाटते का? वाटते. पण माफी मागायला आलोय असं समजू नका. गोदाबाई कधीच वारली, आणि तिच्या वतीनं माफी देणारे तुम्ही कोण? पोटासाठी केलं, असंही मी म्हणणार नाही—दोन वेळची भाकरी घरात होती. मालकाचा दबाव? छे. त्यानं तर मला तसं कधी सांगितलंही नव्हतं.

आणि तिला कामावरून काढल्यावर तरी मी थांबलो का?

दुसऱ्या दिवशी दुपारी बाया भाकरीची फडकी सोडून बसल्या. मी खुर्चीवर चढलो, घड्याळाचं दार उघडलं आणि काटा मागं घेतला.