साडूंचा कान

अख्ख्या शारजात यंत्राचं दुखणं ओळखणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे माझे थोरले साडू. हे मत अर्थात त्यांचंच. नोकरी अकाउंट्सची, पण खिशात पेनाऐवजी लांब स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक यंत्राला लावायचं, मूठ कानाला, आणि डोळे मिटायचे. गेल्या गणपतीत आमच्याकडे आरती रंगात आली असताना त्यांनी एसी बंद केला आणि "बेअरिंग गेलंय" म्हणत आत डोकं घातलं. मंत्रपुष्पांजलीपर्यंत आम्ही सगळे घामाने निथळत होतो. बेअरिंग खरंच गेलेलं निघालं, हे जास्त संतापजनक. मला तर मिक्सर चालू आहे की वॉशिंग मशीन, हेही बायकोला विचारावं लागतं.

यंदा साडू निवृत्त झाले. पुण्याला कायमचं जायचं, विमान गुरुवारचं. नेमकी त्याच्या आधीच्या रविवारी, अल मजाजला आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, माझ्या गाडीची टायमिंग चेन तुटली. साडू धावत आले. "चावी फिरवलीत तर हात तोडीन! चेन तुटली की ताल सुटतो; पिस्टन व्हॉल्व्हवर आपटला असला, तर व्हॉल्व्ह वाकले. मग इंजिनचं हेड उतरवा, आठवडाभर बसा!"

आठवडाभर! काम अर्धवट टाकून साडूंनी विमानात बसणं शक्यच नव्हतं. स्वतःच्या इंजिनाचं वाटोळं व्हावं म्हणून देवाला हात जोडणारा माझ्यासारखा मूर्ख शोधून सापडायचा नाही. पण मला ते जायला नको होते, हे खरं.

त्यांनी प्लग काढून आत बारीक कॅमेरा सोडला. पिस्टनवर ओरखडा नाही. मग घरचा कॉम्प्रेसर आणला. व्हॉल्व्ह मिटलेले ठेवून सिलिंडरमध्ये हवा भरायची, एखादा वाकलेला असला तर ती बाहेर फुसफुसते. "अहो, सायलेन्सरला कान लावा!"

मी जमिनीवर आडवा झालो. आवाज नव्हता.

"येतोय की! चांगला फुस्स येतोय!"

ते आले, वाकले, ऐकलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"हा तुमचा श्वास आहे, साडूभाऊ. व्हॉल्व्ह ठणठणीत आहेत. नवी चेन टाका, खलास."

मी पुन्हा सायलेन्सरला कान लावला. सावकाश हात पुसत ते म्हणाले, "तरी उद्या परत एकदा बघू."

बुधवारपर्यंत रोज संध्याकाळी आम्ही तेच ठणठणीत व्हॉल्व्ह तपासत बसलो. गुरुवारी ते गेले. गाडी आता उत्तम चालते, आणि मला तिचा राग येतो.