हनियाचा संशय

हनियाचा कुणावर चटकन विश्वास बसत नसे. ट्युनिसहून विद्यापीठाची माणसं गावात आली, तेव्हा तर तिने दारच लावून घेतलं. मागे अशीच गोडबोली मंडळी आली होती. त्यांनी वाळवंटाच्या कडेला खोल विहिरी पाडल्या, खजुराच्या नव्या बागा उभ्या केल्या, आणि गावाचा झरा आटत गेला.

या वेळच्या माणसांतली सलमा मात्र वेगळंच सांगत होती. उरलेलं पाणी कसं वाटायचं ते गावानेच ठरवावं, उन्हाळाभर करून पाहावं, जमलं नाही तर मोडावं. स्वतःसाठी काहीच न मागणारं माणूस हनियाने अजून पाहिलं नव्हतं.

"आमच्यावर प्रयोग करतेस होय गं?" तिने भर बैठकीत विचारलं.

"मग अटी तुम्ही घाला, मावशी."

"पाणी सोडायच्या झडपेची किल्ली माझ्याकडे."

किल्ली मिळाली. खालच्या बागांना कित्येक वर्षांनी पाणी पोचलं. पण महिन्याभरात ते पुन्हा रोडावलं. विद्यापीठवाल्यांनीच कुठेतरी नळी जोडली असणार, अशी हनियाची खात्री. भर दुपारी, गाव झोपलेलं असताना, ती पाटाच्या कडेने निघाली. वरच्या वळणावर बांध फोडलेला होता, आणि फावडं घेऊन उभा होता तिचा दीर, लझहर. नवरा गेल्यावर तिचं घर त्यानेच सावरलं होतं.

"माझ्याकडची माती रेताड, वहिनी. वाटणीतलं पाणी मुळाशी पोचतच नाही," तो म्हणाला. "आणि या शहरवाल्यांचं सोंग किती दिवसांचं? तोवर मिळेल तेवढं घ्यावं."

शहरवाल्यांचं सोंग, हेच तर हनिया घरोघर सांगत फिरली होती.

पुढच्या बैठकीत लोक सलमावर तुटून पडले. गाशा गुंडाळा म्हणाले. सलमा मान खाली घालून ऐकत होती. तेव्हा हनिया उठली.

"पाणी हिने नाही नेलं. आमच्या लझहरने नेलं. मीही हिच्यावरच डोळा ठेवून बसले होते."

लझहर उठून निघून गेला. बरीच भांडणं झाली, पण प्रयोग मोडला नाही. पाण्याच्या प्रत्येक पाळीला दुसऱ्या घरचं माणूस पाटाच्या राखणीला बसवायचं ठरलं. रेताड जमिनीला थोडं जास्त पाणी द्यायचंही ठरलं. मागणी हनियाचीच.

हंगामात लझहरने खजुराचा घड पाठवला. स्वतः आला नाही.

सलमा निरोप घ्यायला आली, तेव्हा हनियाने चहा केला. आणि कप हातात देण्याआधी विचारलं, "तिकडे जाऊन आमच्याबद्दल काय सांगणार आहेस?"