सर्व्हरचीच परीक्षा

आम्ही या इमारतीत राहायला आलो त्या दिवशी, जिन्यात कपाट अडकलेलं असताना, खालच्या मजल्यावरून एक आवाज आला. कावळे उडाले. तिसऱ्या मजल्यावरचं झोपलेलं बाळ जागं झालं, आणि रडत असलेलं दुसरं एक बाळ घाबरून गप्प झालं. कपाट, जे चार हमालांना दाद देत नव्हतं, ते आपणहून वळलं आणि वर गेलं. मला वाटलं, इमारत खाली करायची सूचना आहे. मी बायकोचा हात धरून जिना उतरू लागलो. खाली एक किरकोळ अंगाचा, स्वच्छ दाढी केलेला गृहस्थ उभा होता. तो म्हणाला,

"नवीन आलात वाटतं? चहा घेणार का?"

हे त्याने प्रेमाने विचारलं होतं. त्याच संध्याकाळी मी त्याचं नाव भोंगा ठेवलं, आणि आठवड्याभरात ते सगळ्या इमारतीने उचललं.

भोंगा कपडे धुण्याच्या एका मोठ्या कारखान्यात बॉयलर सांभाळायचा. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे अंगरखे, सगळं त्याच्या वाफेवर निघायचं. उमेदीची सगळी वर्षं त्याने त्या खोलीत काढली होती. मग मालकाने विजेवरची यंत्रं मागवली आणि बॉयलर वर्षअखेर बंद होणार असं सांगितलं. चाळिशी उलटलेला माणूस, पदरात बायको आणि घराचे हप्ते. त्याने ठरवलं, आपण कॉम्प्युटरमध्ये शिरायचं.

यात हसण्यासारखं काही नव्हतं. बॉयलरला अलीकडे पडद्याचं पॅनेल बसवलं होतं, ते बिघडलं की तोच उघडायचा. डोकं चांगलं होतं. प्रश्न एवढाच होता की सर्टिफिकेट कुठलं घ्यायचं, कारण या धंद्यात जितकी यंत्रं तितकी सर्टिफिकेटं, आणि प्रत्येकाची फी वेगळी. वेळ मात्र एकाच सर्टिफिकेटपुरता होता.

सल्ल्याला त्याचा मेव्हणा आला. हा स्वतः त्या धंद्यातला, गळ्यात ओळखपत्र घालूनच जेवणारा.

"दाजी, सपोर्टची द्या. सोपी आहे. सगळे तिथूनच वर चढतात. पास झालात की लगेच नोकरी."

"सर्व्हरची देणार," भोंगा म्हणाला. भिंतीवरचं कॅलेंडर हललं.

"अहो, सर्व्हरच्या परीक्षेत शिकलेली पोरं आपटतात! आधी पायरी, मग गच्ची."

"सर्व्हरचीच."

मीही तोंडसुख घेतलं. म्हटलं, "भोंगेराव, चालता येत नाही तोवर पळायचं कशाला? पी हळद अन् हो गोरी, असं होत नाही." तो माझ्या तोंडाकडे एकटक बघत होता. मग हसला आणि म्हणाला, "बघू या." मला वाटलं, अहंकार. बॉयलरजवळ राहून डोक्यात वाफ गेली.

दोन दिवसांनी त्याची बायको, आमच्या वहिनी, आमच्याकडे आल्या. बसल्या नाहीत.

"भाऊजी, एक सांगायचं होतं. तुम्ही तरी त्यांना सपोर्टचा आग्रह करू नका."

"का हो? बरं आहे की ते."

"ते फोनवरचं काम ना?" त्यांनी मागे दार लोटलं. "यांचा उजवा कान पूर्ण गेलाय. डाव्यानं थोडंसं येतं. बॉयलरच्या खोलीत गेला तो. मी समोर बसून बोलते, ते ओठ बघतात. फोन आला की मीच उचलते आणि सांगते, अंघोळीला गेलेत. माझ्या माहेरी सगळ्यांना वाटतं, हा माणूस दिवसभर अंघोळच करतो."

मी हसलो, त्याही हसल्या, आणि हसताना त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"ते म्हणतात, सर्व्हरला आवाज नसतो, दिवा असतो. बिघडलं की लाल होतो. लाल मला दिसतो. कानाचं कळलं तर कोण घेणार हो? कुणाला बोलू नका."

मी बोललो नाही. मेव्हण्याला मात्र एवढंच सांगितलं की तुझ्या दाजींना त्यांच्या मनासारखं करू दे. तो मला म्हणाला, "तुम्हीही त्यांच्यातलेच निघालात."

भोंगा पहिल्या वेळी आपटला. दुसऱ्या वेळी पास झाला. परीक्षा पडद्यावर होती. तिथे कुणी कुणाशी बोलत नाही. त्याने पेढ्यांऐवजी साऱ्या इमारतीला ती बातमी ओरडून वाटली.

मुलाखतीला मी गाडीतून त्या दोघांना घेऊन गेलो. कचेरी मोठी होती, खोलीचं दार काचेचं आणि अर्धवट उघडं. आम्ही बाहेर बाकावर बसलो. भोंग्याची पाठ आमच्याकडे होती. समोरचा अधिकारी भला माणूस दिसत होता, पण त्याला पडद्याकडे बघत, हनुवटीवर हात ठेवून बोलायची सवय होती.

"घरी कोण कोण असतं?" त्याने विचारलं.

"आधी दुसऱ्या डिस्कवर प्रत आहे का ते बघायचं," भोंगा म्हणाला, "मगच पहिलीला हात लावायचा."

अधिकाऱ्याने मान वर केली नाही. "बरं. रात्रपाळी चालेल?"

"दोन्ही पंखे बंद असले तर मशीन आधी बंद करतो."

उत्तरं चोख होती, फक्त ती कुणी विचारली नव्हती. माझे कान तापले. वहिनी उठल्या. मी "अहो, थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी दार ढकललं होतं.

"साहेब, त्यांच्याकडे तोंड करून विचारा. त्यांना ऐकू येत नाही. बाकी सगळं येतं."

अधिकाऱ्याने वर बघितलं तसा भोंगाही वळला. त्याला शेवटचे तीन शब्द तरी वहिनींच्या ओठांवर दिसले असावेत. अधिकाऱ्याने खुर्ची फिरवली, हात हनुवटीवरून काढला आणि सगळे प्रश्न पहिल्यापासून विचारले. भोंग्याने सगळ्यांची उत्तरं दिली. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्याला तेव्हाच पाहिलं.

इमारतीपाशी गाडीतून उतरल्यावर भोंगा बायकोकडे वळला.

"तू आत यायला नको होतंस."

"मग कोण येणार होतं?" त्या म्हणाल्या.

ती जागा दुसऱ्या उमेदवाराला मिळाली. भोंगा सध्या औषधांच्या एका गोदामात खोकी लावतो. सर्टिफिकेटची मुदत गेल्या वर्षी संपली, ती त्याने वाढवून घेतली नाही.