अक्कांच्या गोष्टीतले दाणे

नव्वदच्या दशकात, चाळिशी ओलांडल्यावर, मला एकाएकी शोध लागला की मी लेखिका आहे. कथालेखनावरचं एक पुस्तक पुण्याहून मागवलं होतं, नाकावर चष्मा होता. आणखी काय लागतं? बंगळुरातल्या आमच्या मराठी मंडळाने कथास्पर्धा जाहीर केली आणि माझा डोळा सासूबाईंच्या गोष्टीवर गेला.

सासूबाईंना सगळे अक्का म्हणत. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. त्यांची थोरली मुलगी नऊ वर्षांची असताना तापाने गेली. ती गोष्ट त्या दर हिवाळ्यात अवरेकाईचे दाणे सोलताना सांगत. हा इथला पावटा. भिजवलेला दाणा चिमटीत दाबला की सालीतून सुटकन उडतो. ती पोर नेम धरून तो वडिलांच्या पेपरावर मारायची आणि लागला की काहीतरी ओरडायची. अक्का ते तिच्याच आवाजात ओरडून दाखवत. मग शेंगा कुठून आणल्या, शेजारीण काय म्हणाली... तास उलटला तरी ताप काही येत नसे.

"अक्का, मुद्द्यावर या हो!" वही सरसावून मी म्हटलं.

"स्वल्प थांब की गं. दाणे कुठं संपलेत?"

"आजारी कधी पडली, तेवढं सांगा ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मंगळवारी," म्हणाल्या, आणि पातेलं उचलून आत गेल्या.

मी कथा लिहिली. पहिल्याच वाक्यात ताप, मग डॉक्टरांची धावपळ, शेवटी रिकामं अंथरूण. दाणे साफ काढून टाकले, 'पाल्हाळ' ना! मंडळात हावभावांसकट वाचली. बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा. परतताना रिक्षात अक्का म्हणाल्या, "चांगलं लिहिलंस. कुणाची मुलगी गं ती?"

मला वाटलं, म्हातारीला नीट ऐकू आलं नाही. मोठ्याने सांगितलं, "अहो, आपलीच!" काय ती अक्कल माझी!

"सरी," कानडीतलं 'बरं', एवढंच म्हणाल्या.

पुढच्या हिवाळ्यात त्यांनी दाणे सोलले, पण गोष्ट नाही. त्यानंतरही कधी नाही. त्या गेल्यावर कितीतरी दिवसांनी माझ्या डोक्यात उजेड पडला. दाणे उडत होते तोवर पोर हसत होती. अक्का म्हणूनच ते संपू देत नव्हत्या.

परवा नातीला ही गोष्ट सांगायला बसले. मुद्दाम दाण्यांपासून सुरुवात केली. तिने विचारलं, "आजी, नेम लागला की ती काय ओरडायची?"

वही काढून पाहिली. ताप किती चढला होता, ते लिहिलंय. ते ओरडणं नाही.