कानेलाच्या बरगडीची गाठ

निकानोर लेस्कानोच्या हाकेचं पंपासच्या त्या गवताळ टापूत फार कौतुक व्हायचं. खरं सांगायचं तर गुरं त्याची हाक ऐकायचीच नाहीत. ती ऐकायची कानेलाचं. कानेला म्हणजे निकानोरचा मोरक्या बैल, रंगानं दालचिनीसारखा, गळ्यात घंटा. तो चालू लागला की मागून अख्खा कळप मुकाट चालायचा, पुढे ओढा असो की फाटक. वासरू असताना एका घोडीनं लाथ घालून त्याची बरगडी मोडली होती. निकानोरनं पोत्याच्या पट्ट्या बांधल्या, बाटलीनं दूध पाजलं. बरगडी जुळली, पण अक्रोडाएवढी गाठ राहिली ती राहिलीच. रोज संध्याकाळी निकानोरचा हात आपसूक त्या गाठीवर जायचा.

"माझ्या दुखऱ्या गुडघ्यावरून कधी हात फिरवलात का हो असा?" मातेचा कडू चहा ओतता ओतता बायको देल्मिरा टोमणा मारायची.

"तुझ्या गुडघ्यानं कधी कळप वळवलाय?"

निकानोर ज्यांची गुरं राखायचा ते म्हातारे मालक गेले, त्यांचा मुलगा गोन्सालो कारभार बघू लागला. पोरगा वाईट नव्हता, हेच तर दुःख! गवतावर खोंड मांसासाठी तयार व्हायला वर्षं जातात, आणि तेवढा धीर कुणाकडेच उरला नव्हता. शेजारीपाजारी कुरणं नांगरून सोयाबीन पेरत होते, गुरं कोंडवाड्यात डांबून मक्यावर फुगवत होते. गोन्सालोनंही तेच केलं. पण उघड्या रानात वाढलेली खोंडं त्या कोंडवाड्यात काही शिरेनात. गडी ओरडून दमले, कुंपण तुटलं.

"काका, आता तुम्हीच काय ते करा," गोन्सालो म्हणाला. "कानेलाला पुढे घाला."

"घालतो. पण तो आत राहणार नाही. तळ्याकाठचं कुरण त्याला ठेवायचं, मरेपर्यंत."

"दिला शब्द."

दोघांनी हात मिळवला. त्या मुलखात हात मिळवला की विषय संपतो. निदान निकानोरच्या पिढीत तरी संपायचा.

घंटा वाजवत कानेला आत गेला, मागोमाग सगळी खोंडं. पलीकडच्या फाटकातून निकानोरनं एकट्या कानेलाला बाहेर काढलं आणि फाटक लावलं. पुढे कितीतरी दिवस तळ्याकडून घंटेचा आवाज आला की घोट्याएवढ्या चिखलात उभी असलेली खोंडं तिकडे तोंड करून हंबरायची. निकानोरला ते ऐकवायचं नाही. दोन वर्षांत ओढ्याला शेणाचा वास येऊ लागला, टिटव्या गेल्या, आणि देल्मिरा भर उन्हाळ्यातही खिडक्या लावून बसायला लागली. "मीच नेलं त्यांना आत," तो म्हणायचा. "माझ्यावर विश्वास ठेवून आली बिचारी."

मग एका वसंतात गोन्सालो दारात येऊन चुळबुळत उभा राहिला. "काका, तळ्याकाठही नांगरावं म्हणतोय. कानेलाला मामांकडे पाठवतो, तांदिलच्या डोंगरात. गुडघाभर गवत आहे तिथं."

निकानोरचा चेहरा उतरला, पण गुडघाभर गवत ऐकून त्यानं मान डोलावली. ट्रक आला तर कानेला फळीवर पाय ठेवीना. शेवटी निकानोर स्वतः ट्रकमध्ये चढला आणि हाक मारली. कानेला निमूट वर आला.

त्याच आठवड्यात रविवारी बुएनोस आयरेसहून पाहुणे येणार होते. "त्यांना गवतावरचंच मांस हवंय," गोन्सालो म्हणाला. "शहरात आता त्याचं फार कौतुक आहे." आणि विस्तवापाशी अर्थातच निकानोर, मांस भाजावं तर त्यानंच.

बरगड्यांवरचं कापड काढलं आणि तो हरखला. चरबी पिवळीधमक! मक्यावरच्या गुरांची पांढरीफटक चरबी बघून डोळे विटले होते त्याचे. "देल्मिरा, बघ गं, असं मांस किती दिवसांनी!" मीठ चोळता चोळता त्याची बोटं एका बरगडीवर थांबली. गाठ. अक्रोडाएवढी.

त्यानं हातावरचं मीठ झटकलं. मग गोन्सालोला हाक मारून नुसती ती बरगडी दाखवली.

गोन्सालो विस्तवाकडेच बघत राहिला. "मामा नाही म्हणाले, काका. म्हातारा बैल कोण ठेवून घेतं? सांगणारच होतो तुम्हाला."

देल्मिरा म्हणाली, "चला हो घरी."

"आणि हा दुसऱ्या कुणाच्या हातून करपू देऊ?"

दुपारपर्यंत त्यानं निखारे सारले, मंद आचेवर, जिवापाड जपून. पाहुणे बोटं चाटत म्हणाले, जरा चिवट आहे, पण चव अगदी आजोबांच्या वेळची! मग रीतीप्रमाणे सगळे उठले आणि भाजणाऱ्यासाठी टाळ्या वाजवू लागले. सगळ्यात जोरात गोन्सालो.

टाळ्या थांबेपर्यंत निकानोर टोपी काढून उभा राहिला. एक बरगडी त्यानं कुणाच्या ताटात पडू दिली नव्हती. ती त्याच्या खिशात होती, अजून कोमट, आणि त्याचा हात रोजच्यासारखा त्या गाठीवर होता.