लेवल नऊ, डेप्थ तीन

छत्रीचं टोक जमिनीवर आडवं ओढून तो म्हणायचा, "ही लेवल." मग तेच टोक मातीत खुपसायचा, "आन् ही डेप्थ. दोन्ही फुटातच मोजतेत, म्हनून मानूस फसते." कुरखेड्याकडच्या आमच्या तलावाचा हा ओव्हरसियर. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याला सगळं कळतं, सगळं पटतं आणि त्याच्या हातून काहीच होत नाही!

मालगुजार, म्हणजे गावचा जमीनदार, गावाला राबवून का होईना, तलावातला गाळ काढून घ्यायचा. मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला आणि गाळ कोणाचाच राहिला नाही. तलावाच्या मातीच्या पाळीजवळ, पाण्यात, फुटांचे आकडे रंगवलेला खांब होता. पावसाळा सरताना पाणी नवाच्या आकड्याला टेकायचं आणि कचेरी म्हणायची, तलाव भरला. पण खांबाभोवती सहाच्या आकड्यापर्यंत नुसता गाळ होता! धान निसवायच्या वेळी तलाव आटायचा आणि शेताच्या शेवटच्या बांध्यांतलं धान पोचट राहायचं.

मी तेव्हा चळवळीत होतो; 'तलाव मेला!' असं पत्रक काढलं. त्याने ते पाळीवर बसून वाचलं.

"मेला काऊन लिवलं, भाऊ? लेवल नऊ हाय."

"आणि डेप्थ?"

"तीन."

"मग कचेरीला तसं कळवा ना!"

"कचेरी लेवल विचारते. डेप्थ कोनी विचारतच नाई."

माझं डोकं फिरायचं. या माणसाशी भांडायचं तरी कसं?

सगळ्यात शेवटची बांधी जनाबाईची. ती म्हणाली, "ओव्हरसियरभाऊ, माह्या धानाले इंग्रजी समजत नाई. पानी समजते."

तो खो खो हसला आणि तिलाही छत्रीने दोन्ही शब्द शिकवले.

"म्हंजे वरून भरलेला, आतून उथळ," ती म्हणाली. "तुमच्या साहेबावानी."

गाळ काढायचा की नाही, हे ठरवायला एकदा साहेब जीपने आले. खांबाकडे पाहिलं. "नऊ फूट. भरलेला आहे की तलाव!" आणि वळले. मी घोषणा द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात पाणी खळबळलं. आमचा ओव्हरसियर बुटांसकट तलावात उतरला होता! पाळीजवळ कमरेपर्यंत बुडाला, गाळात रुतत, पाय उपसत भर मध्यात गेला आणि तिथे पाणी गुडघ्यावर आलं. छत्रीने गुडघा दाखवत तो ओरडला, "साहेब, खांबावर लेवल हाय! डेप्थ इथी हाय!"

"बाहेर या, सर्दी होईल," साहेब म्हणाले. जीप गेली.

गाळ मंजूर झाला नाही. ओव्हरसियरची मात्र दूर टोकाला, सिरोंच्याला बदली मंजूर झाली. निघताना मला म्हणाला, "आता तरी पत्रकात नीट लिव. मेला नको." मी नीट लिहिलं. उत्तर आलं नाही.

यंदाही पाणी नवाला टेकलं आहे. कचेरीत तलाव भरला आहे. आणि तो उभा होता तिथे, भर मध्यात, बगळे चालत फिरतात. त्यांच्या पोटालाही पाणी लागत नाही. जनाबाई पाळीवरून एकाकडे बोट दाखवते, "ते पाहा, आपले ओव्हरसियर डेप्थ मोजून राह्यले."